होस्टची नोकरी लागली, आता कपडे कोणते घ्यायचे?

रेस्टॉरंटमध्ये होस्ट म्हणून, म्हणजे दाराशी गेस्टचं स्वागत करून त्यांना टेबलापर्यंत नेणाऱ्याची, नोकरी पक्की झाली की मॅनेजर बहुतेक वेळा एवढंच सांगतो, "काळे कपडे घालून या." मग घरी येऊन प्रश्न सुरू होतात. काळी जीन्स चालेल का? टी-शर्ट की शर्ट? बूट कसे? मी हे काम केलं आहे आणि नंतर स्टँडवर (दाराजवळची होस्टची उभं राहायची जागा) माझ्यासोबत शिकायला आलेल्या नव्या मुलामुलींचेही हेच प्रश्न ऐकले आहेत. त्यातले बरेचजण पहिल्याच आठवड्यात दुसऱ्यांदा खरेदीला गेले. ती फेरी वाचावी म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. दारातून आलेला गेस्ट तुम्हाला जेमतेम अर्धा-एक मिनिट बघतो. तुम्ही मात्र त्या कपड्यांत सहा-आठ तास उभे राहता, टेबलापर्यंत शेकडो खेपा घालता, लहान मुलांची खुर्ची उचलता, मेन्यूंचा गठ्ठा काखेत धरता, वाकून टेबल क्रमांक तपासता. दुकानातल्या आरशात फक्त ते अर्धं मिनिट दिसतं. खरेदी करताना उरलेल्या तासांचा विचार करा. शिफ्टच्या शेवटच्या तासालाही नीट दिसणारे आणि कुठे न टोचणारे कपडे हवेत.

१. खरेदीच्या आधी हे विचारून घ्या

"ड्रेस कोड काय आहे?" असा मोघम प्रश्न विचारलात तर उत्तरही मोघमच मिळतं. नेमकं विचारा, आणि शक्य तर मेसेजवर किंवा ईमेलवर विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहतं.

- गणवेश तुम्ही देणार की मी आणायचा? देणार असाल तर किती जोड?
- पैसे कोण भरणार? पगारातून कापले जाणार का? अनामत रक्कम असेल तर नोकरी सोडताना ती परत मिळते का?
- धुणं-इस्त्री कोणाकडे?
- संपूर्ण काळं हवं की फक्त पँट काळी? जीन्स चालते का?
- बुटांबाबत काही अट आहे का? पांढऱ्या सोलचे किंवा स्पोर्ट शूज चालतात का?
- टॅटू, नाकातली चमकी, रंगवलेली नखं, दाढी, मोकळे केस यांबद्दल काय नियम आहे?
- सर्व्हर (टेबलावर वाढणारे वेटर) काय घालतात, आणि होस्टने त्यांच्यापेक्षा वेगळं दिसायचं आहे का?

शेवटचा प्रश्न फार कमी लोक विचारतात, पण तो महत्त्वाचा आहे. कित्येक ठिकाणी होस्टने सर्व्हरपेक्षा थोडं वेगळं, बहुधा थोडं अधिक औपचारिक दिसावं अशी अपेक्षा असते, कारण गेस्टला दाराशी कोणाशी बोलायचं ते लगेच कळायला हवं. तुम्ही हुबेहूब सर्व्हरसारखे दिसलात तर आधीच बसलेली टेबलं तुम्हालाच पाणी आणि बिल मागत राहतात.

धार्मिक कारणाने डोकं झाकत असाल, एखाद्या कापडाची ॲलर्जी असेल, पायाचा त्रास असेल किंवा गरोदर असाल, तर तेही याच वेळी सांगा. पहिल्या दिवशी स्टँडवर उभं राहून सांगण्यापेक्षा आधी बोललेलं दोघांनाही सोपं जातं.

२. एकदा ती जागा बघून या

तुमची शिफ्ट ज्या वेळी असेल त्याच वेळी जा. गेस्ट म्हणून बसायची गरज नाही, दहा मिनिटं थांबलात तरी पुरे. या चार गोष्टी बघा.

फरशी कसली आहे? गुळगुळीत टाइल, लाकूड की गालिचा? स्वयंपाकघराच्या दाराजवळून तुमची वाट जाते का? तिथली फरशी ओलसर आणि तेलकट असण्याची शक्यता सर्वांत जास्त.

स्टँड दारापासून किती जवळ आहे? दार उघडलं की बाहेरची हवा थेट होस्टच्या अंगावर येते. आतले लोक उकाड्याने हैराण असतात तेव्हाही होस्ट कुडकुडत उभा असू शकतो, आणि एसीच्या थंड हवेची वाट नेमकी स्टँडवरून जात असेल तर उन्हाळ्यातही तेच.

प्रकाश कसला आहे? पिवळ्या मंद दिव्यात गडद निळा आणि काळा वेगळे ओळखू येत नाहीत, तर दिवसाच्या उजेडात दोन काळ्यांतला फरकसुद्धा दिसतो.

आणि आत बसलेले लोक काय घालून आलेत? त्यांच्यापेक्षा एक पायरी नीटनेटकं, हा मला सर्वांत सुरक्षित अंदाज वाटतो. गेस्ट जीन्स-टीशर्टमध्ये असतील तर तुम्ही शर्ट आणि साधी पँट. गेस्ट शर्टात असतील तर वर ब्लेझर. त्याहून पुढे गेलात तर सहज म्हणून आलेला गेस्ट दारातच अवघडतो.

३. पहिला खर्च बुटांवर

बजेट कमी असेल तर शर्ट स्वस्त घ्या, बूट मात्र चांगले घ्या. खराब बुटांनी पाय दुखतात, मग पाठ, आणि दोन तासांनी तो त्रास चेहऱ्यावर दिसायला लागतो. होस्टचं अर्धं काम चेहऱ्यावरच चालतं.

सोल. बाहेरून रबरी दिसणारा प्रत्येक सोल पकड देतोच असं नाही. न घसरणाऱ्या सोलवर बारीक, एकमेकांना जोडलेल्या खाचा असतात, त्यातून पाणी बाजूला निघून जातं. सपाट आणि कडक सोल ओल्या टाइलवर घसरतो. कामाच्या बुटांसाठी आयएसओ २०३४७ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात पुढे पोलादी टोपी असण्याची सक्ती नाही, म्हणून होस्टसारख्या कामाला ते जुळतं. घसरण्याच्या चाचणीची जुनी खूण 'एसआरसी' अशी असायची. तिचा अर्थ साबणपाणी लावलेली टाइल आणि ग्लिसरीन लावलेलं पोलाद या दोन्हींवर बूट तपासला आहे. मानकाच्या नव्या आवृत्तीत तिच्या जागी 'एसआर' ही खूण आली. असे काही बूट दिसायला अगदी साध्या काळ्या फॉर्मल बुटांसारखेच असतात, त्यामुळे ड्रेस कोडला अडचण येत नाही.

टाच. अजिबात सपाट, पातळ तळव्याचे पंप शूज हलके वाटतात, पण त्यात तळपायाच्या कमानीला आधार नसतो आणि दिवसभरात टाच ठणकायला लागते. उंच टाचांत सगळा भार चवड्यावर येतो. दोन ते तीन सेंटीमीटरची रुंद टाच बहुतेकांना मानवते. उंच टाचांची अट घातली असेल तर रुंद टाचेचे बूट चालतील का, असं स्पष्ट विचारा. बऱ्याचदा ती अट म्हणजे नुसती पडलेली पद्धत असते आणि विचारल्यावर सुटते.

माप. संध्याकाळी खरेदी करा. दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि शिफ्टमध्येही तसेच सुजणार असतात. कामावर जे मोजे घालणार तेच घालून जा. सर्वांत लांब बोटापुढे साधारण एक सेंटीमीटर जागा हवी आणि चालताना टाच बुटातून उचलली जाता कामा नये. "वापरून सैल होतील" या भरवशावर घट्ट बूट घेऊ नका. चामडं रुंदीला थोडं सैलावतं, लांबीला नाही.

आवाज. याकडे कोणाचं लक्ष जात नाही. कडक टाच लाकडी फरशीवर खटखट वाजते आणि शांत जागी प्रत्येक खेपेला माना वळतात. दुकानात कडक फरशीवर चालून ऐका.

नवे बूट आधी घरात, रोज थोडा थोडा वेळ घाला. थेट शिफ्टला घातलेत तर फोड ठरलेलाच. जमेल तेव्हा दुसरा जोड घ्या आणि आलटून पालटून वापरा. घामाने ओला झालेला बूट आतून पूर्ण सुकायला एक दिवस तरी लागतो.

मोज्यांचा रंग पँटशी जुळवा, वाकल्यावर घोटा दिसतोच. शुद्ध सुती मोजे घाम धरून ठेवतात आणि ओल्या मोज्यात फोड लवकर येतात. लोकर किंवा सिंथेटिक धाग्याचं मिश्रण असलेले मोजे बरे.

४. पँट किंवा स्कर्ट

इथे मुख्य कसोटी वाकण्याची. पँटची कंबर मागून खाली सरकता कामा नये आणि आत खोचलेला शर्ट बाहेर येता कामा नये. कापडात दोन ते पाच टक्के इलास्टेन (ताणला जाणारा धागा) असेल तर हालचाल मोकळी होते. त्याहून बरंच जास्त असेल तर पँट लेगिंगसारखी दिसायला लागते आणि गुडघ्यावर फुगे येतात.

पँट बुटावर टेकावी, फरशीवर लोळू नये. घसरून पडण्याचं ते एक कारण आहेच, शिवाय ओल्या फरशीचं पाणी कापडातून वर चढत जातं. म्हणून लांबी आखडायला टाकाल तेव्हा कामाचेच बूट घालून माप द्या.

खिसे खरे आहेत का ते हात घालून बघा. पेन, छोटी वही आणि कधी कधी वॉकी-टॉकी हे सगळं अंगावरच बाळगावं लागतं. हेडसेट लावायचा असेल तर त्याचा डबा अडकवायला पट्टा किंवा जाड कंबर लागते. पातळ स्कर्टच्या कंबरेला तो डबा लोंबतो आणि एका बाजूने स्कर्ट खाली ओढतो.

स्कर्ट किंवा ड्रेस घेणार असाल तर गुडघ्यापर्यंत किंवा त्याखाली. उभं राहून नाही, खाली बसून आणि पुढे झुकून लांबी तपासा. फार निमुळता स्कर्ट पाऊल आखूड करतो आणि मग गेस्ट तुमच्या पुढे निघून जातो.

५. शर्ट, ब्लाउज, ब्लेझर

घामाचे डाग करड्या आणि फिक्या निळ्या रंगावर सर्वांत ठळक दिसतात. पांढरा, काळा, गडद निळा किंवा बारीक नक्षीचं कापड ते झाकून नेतं. रंगाची मोकळीक असेल तर एवढं लक्षात ठेवा.

पांढरा शर्ट आरपार दिसतो का ते दुकानातल्या मंद प्रकाशात कळत नाही. कोणाला तरी फ्लॅश लावून फोटो काढायला सांगा. आतला कपडा पांढरा घेऊ नका, तो शर्टाखाली उठून दिसतो. स्वतःच्या त्वचेच्या जवळचा रंग घ्या.

बटणांच्या मधल्या फटी उघडत असतील तर एक माप मोठं घ्या आणि बाजूने आवळून घ्या. सेफ्टी पिनवर दिवस काढायचा विचार करू नका, हात पुढे केला की पिन कापड ओढते.

सैल, झुलत्या बाह्या टाळा. त्या मेणबत्तीवरून जातात, ग्लासात बुडतात, खुर्चीच्या पाठीत अडकतात. स्कार्फ आणि लांब टायचंही तेच. टाय सक्तीची असेल तर पिनने शर्टाला अडकवून ठेवा.

दाराशी थंडी असेल तर जाड स्वेटरऐवजी आतून पातळ थर्मल आणि वरून ब्लेझर घ्या. गर्दी वाढली, धावपळ सुरू झाली की ब्लेझर काढता येतो. मात्र आतला शर्ट एकट्याने दिसण्याइतका इस्त्रीचा हवा.

६. आतलं लेबल वाचायला शिका

शुद्ध सुती कापड घाम शोषतं, पण चुरगळतं आणि त्याचा गडद रंग लवकर विटतो. शुद्ध पॉलिएस्टर चुरगळत नाही, पण घामाचा वास धरून ठेवतं, धुतल्यावरही तो पुरता जात नाही. म्हणून शर्टासाठी दोन्हींचं मिश्रण सोयीचं, सुती अर्ध्याहून जास्त असेल तर उत्तम. लिनन देखणं असतं, पण एकदा बसून उठलात की सुरकुत्या पडतात, म्हणून या कामाला नको. व्हिस्कोजचा (रेयॉनचा) ब्लाउज अंगावर सुंदर पडतो, पण ओल्या अवस्थेत तो धागा कमजोर होतो आणि धुतल्यावर आटू शकतो. पातळ लोकरीची पँट महाग असली तरी सुरकुत्या आपोआप सुटतात आणि वास धरत नाही. पँट एकच चांगली घ्यायची असेल तर मी ती घेईन.

लेबलवरच्या खुणा अशा वाचा. पाण्याच्या टबातला आकडा म्हणजे धुण्याचं कमाल तापमान. फुली मारलेला त्रिकोण म्हणजे ब्लीच नको. चौकोनातलं वर्तुळ म्हणजे ड्रायर. इस्त्रीवरचा एक ठिपका म्हणजे कमी गरम इस्त्री, दोन ठिपके म्हणजे मध्यम आणि तीन म्हणजे जास्त गरम. नुसतं वर्तुळ दिसलं आणि टबवर फुली असली तर तो कपडा फक्त ड्रायक्लीनिंगचा. आठवड्यातून पाच दिवस घालायचा कपडा ड्रायक्लीनिंगला पाठवणं परवडत नाही. असा कपडा कितीही आवडला तरी ठेवून द्या.

७. काळ्यावर काळं घालताना

संपूर्ण काळा गणवेश सोपा वाटतो, पण फसगत इथेच जास्त होते. प्रत्येक कापडाचा काळा वेगळा असतो. काही निळसर, काही तपकिरी. एका दुकानातली पँट आणि दुसऱ्या दुकानातला शर्ट दिवसाच्या उजेडात एकत्र ठेवून बघितल्याशिवाय बिल करू नका. नेमका मेळ बसत नसेल तर उलट करा, दोन्हींचा पोत मुद्दाम वेगळा घ्या. एक मॅट आणि एक किंचित चमकदार असेल तर रंगातला फरक ठरवून केल्यासारखा दिसतो.

काळे कपडे उलटे करून गार पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा. इस्त्रीही आतल्या बाजूने किंवा वर पातळ कापड टाकून करा, नाहीतर शिवणींवर कायमची चमक येते. शर्ट आणि पँट नेहमी एकत्र धुवा, म्हणजे विटले तरी दोन्ही सारखेच विटतील. घरात मांजर-कुत्रं असेल तर चिकट रोलर रोजचाच.

८. ट्रायल रूममध्ये हे करून बघा

आरशासमोर सरळ उभं राहून काहीच कळत नाही. हे सगळं करा, कोणी बघत असलं तरी.

- दोन्ही हात वर करा. पोट उघडं पडतं का?
- मेन्यू धरल्यासारखा एक हात छातीशी आणि दुसरा हात समोर, वाट दाखवल्यासारखा. खांद्यात ओढ बसते का?
- टेबलापलीकडे काही ठेवत असल्यासारखे पुढे झुका. गळ्यातून आत दिसतं का? हे समोर फोन ठेवून तपासा, स्वतःला वरून कळत नाही.
- उकिडवे बसून उठा.
- भरभर चाला आणि पटकन वळा.
- बसा, पाच मिनिटांनी उठा आणि मांड्यांवरच्या सुरकुत्या बघा.

एकाही हालचालीत हात आपोआप कपडा सावरायला गेला, तर तो कपडा घेऊ नका. शिफ्टभर तो हात तिथेच जात राहील.

९. दागिने, केस, नखं, वास

मनगटावर खुळखुळणारं काही नको, टॅब्लेटवर टेबल लावताना आणि फोन उचलताना ते वाजत राहतं. हेडसेट लावणार असाल तर त्या कानात लोंबतं काही घालू नका. लांब केस बांधा, वाकताना ते मेन्यूवर आणि ताटात येतात. नखांवरचा रंग उडालेला असेल तर पूर्ण काढून टाका, कारण मेन्यू देताना गेस्टची नजर तुमच्या हातांवरच असते.

अत्तर लावू नका. लोक जेवायला आलेले असतात आणि तुमच्या अत्तराचा वास अन्नाच्या वासात मिसळतो. बिनवासाचा डिओडरंट पुरेसा आहे, तो सुकल्यावरच शर्ट घाला. ओला असताना घातला तर काळ्या कापडावर पांढरे पट्टे उमटतात.

नावाची पट्टी पिनची असेल तर रोज एकाच जागी टोचा, नाहीतर शर्टाला भोकं पडत जातात. चुंबकाची पट्टी कापड जपते, पण छातीत पेसमेकर असेल तर ती वापरू नका, मॅनेजरकडे पिनवाली मागा.

१०. मुलाखत आणि ट्रायल शिफ्ट

मुलाखतीला कामाच्या कपड्यांच्या जवळ जाणारंच काहीतरी घाला. मॅनेजर तुम्हाला मनातल्या मनात दाराशी उभं करून बघत असतो. त्यासाठी नवं काही विकत घेऊ नका. घरात असलेली गडद पँट, इस्त्रीचा साधा शर्ट आणि पुसलेले बूट एवढं पुरतं. ट्रायल शिफ्टलाही (नोकरी देण्याआधी काम करून बघायला लावतात ती शिफ्ट) तेच, फक्त त्या दिवशी बूट आरामाचे हवेत, नोकरी पक्की व्हायच्या आधीच लंगडायची वेळ येऊ नये.

११. स्टँडखाली ठेवायची पिशवी

- चिकट रोलर
- दोन-चार सेफ्टी पिना, सुई, काळा आणि पांढरा दोरा, एक जादा बटण
- कपड्याला लावायची दुहेरी चिकटपट्टी, खाली आलेल्या शिवणीसाठी
- फोडांसाठी पट्ट्या
- मोज्यांचा जादा जोड
- डाग काढायचं पेन
- घडी न मोडणारा एक जादा शर्ट

डाग पडला तर घासू नका, टिपून घ्या. अंडं, दूध, रक्त यांवर गरम पाणी टाकलं तर डाग पक्का बसतो, म्हणून गारच वापरा. तेलकट डागावर घरी गेल्यावर भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब चोळून मग धुवा. कॉफी, वाइन किंवा सॉसचा डाग पूर्ण गेल्याची खात्री झाल्याशिवाय इस्त्री फिरवू नका.

१२. सगळं एकदम घेऊ नका

सुरुवातीला एक जोड बूट, एक पँट आणि दोन शर्ट घ्या. पावत्या आणि लेबलं जपून ठेवा. बदलून घ्यायला लागतात, आणि खर्चाची भरपाई मिळणार असेल तर पावतीशिवाय कोणी उभं करत नाही.

पहिले चार-पाच दिवस घरी आल्यावर फोनमध्ये दोन ओळी लिहा. कुठे टोचलं, कुठे घाम साचला, कशाची टोचणी स्टँडवर जाणवली आणि कशाची फक्त चालताना. मॅनेजर काही बोलला असेल तर तेही. पाठ किंवा टाच रोज त्याच वेळी दुखत असेल तर आधी आतला इनसोल बदलून बघा, नवे बूट घेण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. मग ती यादी घेऊन दुसरी पँट आणि उरलेले शर्ट आणायला जा. पहिली पँट मापात बसली असेल तर तीच, त्याच रंगाची दुसरी घ्या, आणि लवकर घ्या. तोच माल काही महिन्यांनी मिळेलच असं नाही, आणि मिळाला तरी तोवर तुमची पहिली पँट विटलेली असते.